जुन्या चेनसॉला डुप्लिकेट बोअर-पिस्टन घालताना

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात चेनसॉ (झाडं कापायची साखळीची करवत) बाळगणारे दोन तऱ्हेचे. एक झाडं तोडायचं कंत्राट घेणारे. त्यांची मशीनं नवी असतात, बिघडलं की सरळ शोरूमला नेतात. दुसरे तुम्ही-आम्ही. काजूची वाळकी फांदी, पावसात वाटेवर आडवा झालेला फणस, बंबाला लागणारं जळण, एवढंच काम. त्यासाठी नव्या मशीनला पैसे घालायला जीव होत नाही. मग गोव्यातून नाहीतर कोल्हापुरातून कुणाचं तरी वीस वर्षं वापरलेलं मशीन येतं आणि आपण ते पुढं वीस वर्षं चालवायचं मनावर घेतो.

चालतंही ते. जुन्या स्टील (Stihl) आणि हुस्कवर्ना या कंपन्यांच्या बऱ्याच मशीनची बॉडी मॅग्नेशियमची, क्रँक दणकट. जातं ते पिस्टन, रिंगा, सिलिंडर, सील आणि रबरी नळ्या. अडचण अशी की मॉडेल बंद झाल्यावर काही वर्षांनी कंपनी पार्टही बंद करते. शिल्लक असला तरी कंपनीच्या सिलिंडर-पिस्टनची किंमत ऐकून माणूस फोन ठेवतो. म्हणून बाहेरच्या कारखान्यांनी बनवलेल्या सिलिंडर-पिस्टनच्या किटना एवढी मागणी आहे. आपल्याकडे सगळ्यांनाच सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणतात, पण त्यात दोन प्रकार आहेत. स्वतःच्या नावानं, ‘अमुक मॉडेलला चालणारा’ असं छापून विकलेला पार्ट हा सरळ व्यवहार. कंपनीच्या नावाच्या नकली डब्यात घालून विकलेला म्हणजे फसवणूक. हा लेख पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

मी आतापर्यंत घरची आणि पाहुण्यांची मिळून सहा मशीनं उघडली. सुरुवातीला दोनदा पैसे घालवले. ते कुठे गेले हे पुढं येईलच.

हाताशी काय हवं

व्यास मोजायला व्हर्नियर (साधा चालतो), बारीक फट मोजायला फिलर गेज, टी-हँडलची एलन की आणि स्टार की, हातभर सुती दोरी, सोल्डरची तार, पातळ गोल कानस, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, रक्तदाब मोजायचं जुनं डायलवालं यंत्र (हो, त्याचं काम खाली आहे), साबणाचं पाणी आणि डोळ्यांना चष्मा. कागदपत्रांत मशीनवरच्या नंबरपट्टीचा फोटो, जुन्या पार्टवर कोरलेल्या नंबराचा फोटो आणि दुकानदाराचं पक्कं बिल. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. परत करायची वेळ आली की त्याच्याशिवाय कुणी ऐकून घेत नाही.

१. आधी मशीन मेलं कशानं ते बघा

बहुतेक जण इथंच चुकतात. पिस्टन खरवडलेला दिसला की लगेच किट मागवतात. पिस्टन मेला तो कशानं तरी मेला. ते कारण तसंच ठेवून नवा घातला की तोही त्याच वाटेनं जातो.

सायलेन्सरचे बोल्ट काढा आणि एक्झॉस्टच्या भोकातून आत बॅटरी मारा. पिस्टनवर उभे ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मशीन गरम होऊन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळून, धरलं (पिस्टन सिलिंडरला चिकटला). सगळीकडून सारखं खरवडलं असेल तर कुणीतरी ऑइल न घालता नुसतं पेट्रोल ओतलंय. कार्बोरेटर काढून इनटेकच्या बाजूनंही बघा. तिथं पिस्टन मॅट, राखाडी, बारीक घासल्यासारखा दिसला तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेलीय.

आमच्या काकांच्या हुस्कवर्ना २६८ ला मी हौसेनं नवं किट घातलं. दोन टाक्या पेट्रोल झालं आणि तिसरीला मशीन पुन्हा धरलं. दोष किटचा म्हणून मी आठवडाभर दुकानदाराशी भांडलो. शेवटी सगळं उकललं तेव्हा कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबरी मॅनिफोल्ड बोटांनी वाकवून पाहिला. खालच्या बाजूला, मशीनवर असताना कधीच न दिसणारी, नखाएवढी चीर होती. वाकवलं की उघडायची, सोडलं की मिटायची. हवा तिथून आत जात होती. पार्ट सगळ्यात स्वस्त, आणि त्यानं दोन पिस्टन खाल्ले.

म्हणून मॅनिफोल्ड, इम्पल्सची नळी (क्रँककेसमधला दाब कार्बोरेटरला पोचवणारी), पेट्रोलची नळी आणि क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सीलं यांच्यावर पहिला संशय घ्या. पेट्रोलची नळी चिमटीत दाबून बघा. कडक लागली तर बदलायचीच. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच ऊस-मक्यापासून होतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण पंचवीस वर्षांपूर्वीचं रबर त्या हिशेबानं बनवलेलं नव्हतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि आमच्या भागात जून ते सप्टेंबर हवेत दुसरं काय असतं!

२. मशीन नक्की कुठलं, ते मोजून ठरवा

स्टिकरवर विश्वास ठेवू नका. हुस्कवर्नाची ६१, २६८ आणि २७२ ही बाहेरून जवळजवळ एकसारखी दिसतात, स्ट्रोकही तिन्हींचा ३४ मिमी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मात्र ६१ चा ४८, २६८ चा ५० आणि २७२ चा ५२ मिमी. एकाचा सिलिंडर दुसऱ्यावर बसतो, म्हणून आधीच्या मालकानं कधी काय बसवलं हे कळायला मार्ग नसतो. काकांच्या मशीनवर २६८ लिहिलेलं, मी ५० चं किट मागवलं, आणि उघडल्यावर आत ५२ चा पिस्टन. माझा दुसरा तोटा तो.

स्टीलमध्ये वेगळी सोय आहे. पार्ट नंबरचे पहिले चार आकडे मशीनचं घराणं सांगतात. ११३० म्हणजे ०१७, ०१८, एमएस १७०, १८०. ११२३ म्हणजे एमएस २१०, २३०, २५०. ११२८ म्हणजे ०४४ आणि एमएस ४४०, ११०६ म्हणजे जुनं भलंमोठं ०७०. पण घराणं एक म्हणजे बोअर एक नव्हे. ११२३ मध्येच २१० ला ३७, २३० ला ४० आणि २५० ला ४२.५ मिमी आहे. ०४४ मध्ये तर बोअर ५० च असून गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी) सुरुवातीच्या मशीनला १० मिमीची आणि नंतरच्यांना १२ ची. दुकानदारानं ‘पिन कितीची?’ असं विचारलं तर त्याला कळतंय असं समजा.

तालुक्याच्या गावात शेती-अवजारांच्या दुकानांत मिळणारी ५२ आणि ५८ सीसीची चिनी मशीनं असतील तर स्टिकरवरचे सीसी विसरूनच जा. आत बोअर बहुतेक वेळा ४५ मिमीच्या आसपासच निघतो.

तर मोजायचं काय? सिलिंडर काढून बोअरचा व्यास, गजन पिनचा व्यास, रिंगांची संख्या आणि जाडी. हे चार आकडे आणि पार्ट नंबर एका कागदावर लिहा. हुबळीच्या दुकानदाराशी फोनवर माझं कन्नड तीन वाक्यांत संपतं, त्याचं मराठी दोन. पण नंबर आणि मिलिमीटर दोघांनाही समजतात.

३. ‘बोअर मारूया की’ या वाक्यापासून सावध

बेळगाव म्हणजे फाउंड्री आणि लेथचं गाव. उद्यमबागेत काय बनत नाही? त्यामुळं सिलिंडर घेऊन पहिल्यांदा मी तिथंच गेलो. मिस्त्रींनी सिलिंडर हातात फिरवला आणि म्हणाले, “अण्णा, बोअर मारूया की. ओव्हरसाइज पिस्टन घाला, झालं.”

चेतक आणि आरएक्स १०० वर हात बसलेल्या माणसाचं हे बोलणं बरोबरच आहे, तिथं आतला भाग बिडाचा असतो. चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा आणि आतून क्रोम किंवा निकेलच्या कडक थराचा असतो. हा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो. बोअर मारला, म्हणजे आतून कापून मोठा केला, की तो गेला, आणि उघड्या ॲल्युमिनियमवर नवा पिस्टन पहिल्याच तासात चिकटतो. लेथवाल्याकडून अडकलेला बोल्ट काढून घ्या, बुश करून घ्या, मॅग्नेटचा पुलर बनवून घ्या. बोअर नको.

उलट बऱ्याचदा जुना सिलिंडर वाचतो. त्यातले ओरखडे दिसतात ते पुष्कळदा पिस्टनचं वितळून चिकटलेलं ॲल्युमिनियम असतं, थर खाली शाबूत असतो. फरशी धुवायचं ॲसिड कापसाच्या काडीनं फक्त त्या चिकटलेल्या पट्ट्यावर लावायचं. बुडबुडे येतात, पुसायचं, पुन्हा लावायचं. ॲल्युमिनियम संपलं की बुडबुडे थांबतात. हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा याला सूट नाही. थेंब पोर्टमध्ये (हवा-धूर जायच्या भोकांत) जाऊ देऊ नका; तिथं ॲल्युमिनियम उघडं असतं, ॲसिड ते खात सुटतं. शेवटी भरपूर पाण्यानं आणि खायच्या सोड्यानं धुवायचं. मग नख फिरवा. नख कुठेच अडकलं नाही तर फक्त पिस्टन-रिंगा घ्या, पैसे वाचले. थर सोललेला, कडा उचललेल्या दिसल्या तरच पूर्ण किट.

माझं मत विचाराल तर कंपनीचा जुना सिलिंडर आणि बाहेरचा चांगला पिस्टन ही जोडी संपूर्ण डुप्लिकेट किटपेक्षा केव्हाही बरी.

४. काय डुप्लिकेट चालतं, काय नाही

पिस्टनमध्ये इटलीचा मीटिऑर आणि रिंगांमध्ये तिथलाच कॅबर ही नावं जगभरचे चेनसॉवाले भरवशानं घेतात. मिळाले तर घ्या. चिनी किटही चालतात, फक्त पुढच्या पायरीतली तपासणी टाळायची नाही. टाकीचं झाकण, स्टार्टरची दोरी-स्प्रिंग, एअर फिल्टर, हँडल यांत डुप्लिकेटला घाबरायचं कारण नाही.

बेअरिंग किटमधलं नको. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तोच नंबर सी-३ क्लिअरन्समध्ये (आत जरा जास्त फट असलेला) नावाजलेल्या कंपनीचा बेअरिंगच्या दुकानातून घ्या. ऑइल सीलवरही मापं असतात. कार्बोरेटर शक्यतो जुनाच ठेवा. वॉल्ब्रो किंवा झामा या कार्बोरेटर कंपन्यांचं डायफ्राम-किट घालून तो पुन्हा उभा राहतो. चेन ब्रेक आणि चेन कॅचर (तुटलेली साखळी अडवणारा) यांत मात्र एक रुपया वाचवू नका, ते तुमच्या हातापायासाठी आहेत.

आणि सर्क्लिप, म्हणजे गजन पिन जागेवर धरणारी क्लिप. किटबरोबर आलेल्या क्लिपा बोटांनी दाबून बघा. मऊ लागल्या तर फेकून द्या. ती क्लिप सुटली की सिलिंडरची भिंत फोडते.

५. पार्सल आल्यावर, बसवायच्या आधी

नव्या सिलिंडरच्या पोर्टच्या कडेवरून बोट फिरवा. चांगल्या सिलिंडरची कड किंचित गोलसर असते. स्वस्त किटची चाकूसारखी लागते, कधी ओतकामाची कळीही लोंबत असते. त्या कडेवर रिंग अडकली की तुटलीच. गोल कानशीनं आणि पॉलिश पेपरनं कड हलकेच मोडा, कानस नेहमी बोअरकडून पोर्टकडे ओढा. उलट ओढली तर थर उचकटतो. मग सिलिंडर गरम पाणी आणि भांड्याच्या साबणानं धुऊन वाळवा, आतून ऑइलचा हात फिरवा.

रिंग सुटी बोअरमध्ये घाला, पिस्टननं ढकलून सरळ करा आणि तोंडातली फट फिलर गेजनं मोजा. ५० मिमीच्या बोअरला ०.२ ते ०.४ मिमी ठीक. ०.१ पेक्षा कमी असेल तर गरम झाल्यावर दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते. टोक जरासं कानसा.

६. बसवणं

क्लच उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्यामुळं क्रँक वाकवलेलं मशीन मी पाहिलंय. सोडवताना इंजिन अडवायला प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची, पण पिस्टन एक्झॉस्टचं भोक ओलांडून वर आल्यावरच; नाहीतर दोरी त्या भोकात सापडते.

पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. उलटा बसला तर रिंगांची टोकं एक्झॉस्टच्या भोकासमोर येतात आणि त्यात अडकून मोडतात. क्लिप बसवण्याआधी क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ फडकं कोंबा, आणि क्लिपचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवा, आडवं नाही. चष्मा घालायला सांगितलाय तो या कामासाठीही. आमची एक क्लिप कोंबड्यांच्या खुराड्याच्या दिशेनं गेली ती अजून सापडलेली नाही.

एमएस १७०, १८०, २५० अशा मशीनांना सिलिंडरखाली गॅस्केट नसतं. खालचं झाकण सीलंट लावूनच बसतं. हार्डवेअरमधलं साधं सिलिकॉन पेट्रोलनं फुगून सुटतं, पेट्रोल सोसणारंच मागून घ्या.

सिलिंडर बसल्यावर प्लगच्या भोकातून सोल्डरची तार भिंतीपर्यंत सरकवा आणि इंजिन हातानं एक फेरा फिरवा. दबलेल्या टोकाची जाडी मोजा, तीच पिस्टन आणि सिलिंडरच्या माथ्यामधली फट. ०.५ मिमीपेक्षा कमी नको. १ मिमीच्या वर गेली तर कॉम्प्रेशन मार खाईल. मॅग्नेट आणि कॉइलमधली फट ०.२ ते ०.३ मिमी, म्हणजे मधे व्हिजिटिंग कार्ड धरून कॉइल आवळायची. प्लगची फट ०.५.

७. रक्तदाबाचं यंत्र

ही पायरी गावातले मेकॅनिक करत नाहीत, आणि मी हिच्याशिवाय आता मशीन चालूच करत नाही. सायलेन्सरखाली आणि कार्बोरेटरखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून दोन्ही भोकं बंद करायची, इम्पल्सचं भोक वेगळं असेल तर तेही. जुन्या प्लगमधली चिनी मातीची कांडी काढून त्याला नळी जोडून घ्यायची. वेल्डिंगवाला करून देतो. पिस्टन खाली ठेवायचा, म्हणजे वरचा दाब क्रँककेसपर्यंत पोचतो. आता रक्तदाबाच्या यंत्राचा फुगा दाबून काटा २५० ते ३०० वर न्या. ३०० म्हणजे साधारण ०.४ बार, एवढा दाब या कामाला पुरतो.

काटा मिनिटभर जागचा हलला नाही तर काम पक्कं. उतरायला लागला तर सील, मॅनिफोल्ड, सिलिंडरचा तळ इथं साबणाचं पाणी लावा, बुडबुडा जागा दाखवतो. क्रँक हळूहळू फिरवतही बघा, काही सीलं एकाच कोनात गळतात.

८. पेट्रोल आणि पहिला दिवस

चेनसॉ कंपनीचं ऑइल असेल तर ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. दुकानातलं साधं टू-टी (टू-स्ट्रोक गाडीचं ऑइल) असेल तर २५ ला १, लिटरला ४० मिली. झाकणानं अंदाज नको. औषधाच्या बाटलीवरचं माप आणा. मिश्रण लागेल तेवढंच करा आणि महिन्यापेक्षा जुनं वापरू नका. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा.

कार्बोरेटरचे एल (कमी रेसचा) आणि एच (जास्त रेसचा) स्क्रू हलके बसेपर्यंत आत नेऊन एकेक फेरा बाहेर घ्या, तिथून सुरुवात. पहिल्या तीन टाक्या बार (साखळी फिरते ती पट्टी) लाकडात नसताना फुल रेस देऊ नका. फुल रेसला आवाज चिरका, सणसणीत आला तर पेट्रोल कमी पडतंय, एच थोडा सोडा. जरा अडखळणारा, फाटका आवाज हवा, आणि बार लाकडात घातला की तो साफ व्हायला हवा. पहिल्या दिवशी नीलगिरीच्या मनगटाएवढ्या फांद्या घ्या, बाभळीचा बुंधा पुढच्या आठवड्यात.

पहिली टाकी संपली की मशीन थंड होऊ द्या आणि सायलेन्सर काढून आत पुन्हा बॅटरी मारा. पिस्टनवर कारखान्यातल्या बारीक आडव्या रेषा जशाच्या तशा दिसल्या पाहिजेत. एखादा उभा ओरखडा दिसला तर दुसरी टाकी भरू नका, पायरी ७ वर परत जा. सायलेन्सर चढवताना बोल्ट घट्ट करा आणि तिसऱ्या टाकीनंतर पुन्हा एकदा आवळा. नव्या गॅस्केटवर ते हमखास ढिले पडतात.